फुप्फुसाची वायुगळती आणि चिकटद्रव्ये : एक ऐतिहासिक विवेचन

फुप्फुसाचा रोगग्रस्त भाग कापून काढल्यावर उरलेल्या भागाच्या उघड्या पृष्ठभागातून हवा झिरपत राहते, ही उरःशल्यशास्त्राची जुनी अडचण होय. इतर बहुतेक अवयवांना जखम भरेपर्यंत विश्रांती देता येते. फुप्फुस मात्र प्रत्येक श्वासाबरोबर फुगते व आक्रसते, आणि टाक्याची सुई जेथे शिरते तेथेच कित्येकदा नवे छिद्र पडते. गळती पाच दिवसांहून अधिक टिकल्यास तिला दीर्घकालीन मानण्याचा प्रघात आहे. अशा रुग्णाच्या छातीतील नळी लवकर काढता येत नाही आणि उरोपोकळीत पू होण्याचे भय वाढते. या छिद्रांवर चिकटद्रव्याचा लेप द्यावा, ही कल्पना सहज सुचण्याजोगी आहे. तथापि गळती थांबणे आणि रुग्णाचे हित होणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे या उपायाच्या इतिहासातून विशेषत्वाने प्रत्ययास येते.

हा भेद प्रथम स्पष्ट झाला तो चिकटद्रव्यांच्या संदर्भात नव्हे. हॅम्बुर्ग येथील गोटहार्ड ब्यूलाऊ यांनी १८९१ मध्ये एक पद्धती प्रसिद्ध केली. तीत छातीतील नळीचे दुसरे टोक पात्रातील पाण्याखाली बुडविलेले असे. त्यामुळे पू व हवा बाहेर पडत, परंतु बाहेरची हवा आत शिरत नसे. पुढे १९१८ मध्ये अमेरिकन सैन्याच्या छावण्यांत न्यूमोनियानंतर उरोपोकळीत पू होण्याची साथ उसळली. शल्यवैद्य तत्काळ छाती उघडून पू काढीत. पू निघे, पण सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत. एव्हार्ट्स ग्रॅहम यांचा समावेश असलेल्या आयोगाने प्रयोगान्ती दाखविले की, फुप्फुस छातीच्या भिंतीस चिकटण्यापूर्वी छाती उघडल्याने श्वसनच ढासळते. आरंभी बंद निचरा आणि उघडी शस्त्रक्रिया मागाहून, असा क्रम स्वीकारल्यावर मृत्यूंचे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आले. शस्त्रक्रिया यथासांग पार पडली एवढ्यावरून तिचे मूल्य ठरत नाही, हा धडा येथे फार मोठी किंमत देऊन मिळाला.

१९३९ मध्ये चर्चिल आणि बेल्सी यांनी फुप्फुसाचा केवळ एक खंडांश काढण्याची पद्धती मांडली. निरोगी भाग राखण्याकडे शल्यशास्त्राचा कल वाढला, तसतसा उघड्या पृष्ठभागाचा व म्हणून गळतीचाही प्रश्न वाढला.

दरम्यान चिकटद्रव्यांचा शोध वेगळ्याच वाटेने चालू होता. रक्त गोठताना तयार होणारे फायब्रिन रक्तस्राव थांबविण्यास वापरता येते, असे बर्गेल यांनी १९०९ मध्ये दाखविले. १९४० मध्ये यंग व मेडावर यांनी तुटलेल्या मज्जातंतूंची टोके रक्तद्रवाच्या साहाय्याने जोडली. १९४४ मध्ये फायब्रिनोजेन व थ्रॉम्बिन एकत्र वापरून त्वचारोपणे चिकटविण्यात आली. पण फायब्रिनोजेनचे प्रमाण अल्प असल्याने ही जोडणी दुर्बळ राही. व्हिएन्ना येथील हेलेने मात्रास यांनी १९७२ मध्ये संहत फायब्रिनोजेन वापरल्यावर या उपायास नवे जीवन लाभले. अमेरिकेत मात्र अनेक दात्यांच्या रक्तापासून केलेल्या फायब्रिनोजेनमुळे यकृतदाहाचा संसर्ग होण्याच्या भीतीने १९७८ मध्ये त्याचे परवाने रद्द झाले. विषाणुनाशनाच्या प्रक्रिया सिद्ध झाल्यावर १९९८ मध्ये तेथे फायब्रिनच्या चिकटद्रव्यास मान्यता मिळाली.

खास फुप्फुसासाठी केलेली द्रव्ये त्यानंतरची. पॉलिएथिलीन ग्लायकॉलपासून केलेल्या व प्रकाशाने घट्ट होणाऱ्या लेपास २००० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याच्या चाचणीत रुग्णालयातील संपूर्ण वास्तव्यात गळती न झालेल्यांचे प्रमाण लेप दिलेल्या गटात ३९ टक्के, तर इतरांत ११ टक्के होते. मानवी अल्ब्युमिनयुक्त दुसरा लेप २०१० मध्ये मान्य झाला. हे आकडे लक्षणीय खरेच; पण लेप देऊनही निम्म्याहून अधिक रुग्णांत केव्हा ना केव्हा गळती झालीच, हेही त्यांतच नमूद आहे. २०१० मधील कॉक्रेन समीक्षेने १६ चाचण्या तपासून असा निष्कर्ष काढला की, लेपामुळे गळती कमी होते, परंतु रुग्णालयातील मुक्काम त्या मानाने घटतोच असे नाही. सबब सरसकट वापराची शिफारस करता येत नाही.

ही विसंगती अनाकलनीय नाही. रुग्ण घरी केव्हा जातो हे केवळ छिद्रावर अवलंबून नसते. पाझरणारा द्रव, वेदना, उरलेल्या फुप्फुसाचे प्रसरण आणि नळी काढण्याविषयीची त्या त्या रुग्णालयाची रूढी, ही सारी कारणे तेथे कार्य करतात. म्हणून चिकटद्रव्यांच्या इतिहासाकडे केवळ उत्तरोत्तर सरस द्रव्यांची मालिका म्हणून पाहणे अपुरे ठरेल. १९१८ च्या आयोगाने विचारलेला प्रश्न, म्हणजे या कृतीने रुग्णाचे काय झाले, हाच येथेही निर्णायक आहे. लेप कोणताही असो, गळती थांबली की नाही याची साक्ष आजही बहुधा ब्यूलाऊंच्या तत्त्वावरील त्या पाण्यात उठणारे बुडबुडेच देतात. आणि ते थांबल्यावरही रुग्णाच्या हिताचा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावाच लागतो.