राळ, रसायन आणि मे महिना

मे महिन्याची दुपार. अलिबागच्या घराच्या पडवीत मचव्याचं मॉडेल जोडत होतो. कागदी कपात शंभरेक ग्रॅम इपॉक्सी कालवलं आणि चहा घ्यायला उठलो. परत येतो तर कपातून धूर, ब्रश आत उभाच्या उभा रुतलेला!

तेव्हापासून या चिकट पदार्थाची कुळकथा शोधायचा नाद लागला. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडचा पिएर कास्टान हे रेझिन घडवत होता ते चक्क दंतवैद्यांसाठी. पुढे बाझेलच्या सीबा कंपनीने हक्क घेतले आणि १९४६ मध्ये तिथल्याच प्रदर्शनात ते 'अ‍ॅराल्डाइट' म्हणून मांडलं. होड्यांत ते रुजवलं मिशिगनमधल्या बे सिटीच्या गुजन बंधूंनी, १९६९ नंतर. गाव थंडीचं, आमचा वैशाख त्यांच्या हिशेबात कुठून असणार?

आमच्याकडे फळ्यांच्या फटी कापूस आणि राळ-तेलाने भरत. राळ बिचारी समजूतदार, गार झाली तरी पुन्हा तापवता येते. इपॉक्सी एकदा घट्ट झालं की संपलं. तापमान दहा अंशांनी चढलं की हाताशी उरलेला वेळ साधारण निम्मा होतो. त्यात खोल कपात मिश्रणाची स्वतःची उष्णता कोंडते. आता मी मंद हार्डनर वापरतो, पसरट ताटलीत थोडंथोडं कालवतो, तेही पहाटे. पावसाळी हवेत वर तेलकट साय धरते; पुढचा हात देण्याआधी ती पाण्याने पुसतो.