पक्षाघातानंतरची सोबत

पनवेलची नगरपालिका १८५२ ची, तर कृष्णशास्त्री पुराणिकांनी इथे सुरू केलेला धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना १८७२ चा. पक्षाघाताचे वर्णन चरकसंहितेतही आहे. औषधाची परंपरा या गावाला नवी नाही. तरीही पक्षाघातानंतरची लांबलचक वर्षे औषधाइतकीच माणसांच्या सोबतीवर निभतात, असे माझे म्हणणे आहे. पूर्वी वाड्याच्या ओटीवर बसलेल्या रुग्णाची येणारेजाणारे विचारपूस करीत. आज लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तो एकटा पडतो आणि नैराश्य वाढते.

हे जुन्या काळाचे गोडवे आहेत, असा आक्षेप येईल. तो अर्धा खरा आहे: पांगळेपण दैवाचा भोग मानून माणसे माजघरात कोंडलीही जात. म्हणूनच सोबत केवळ शेजाऱ्यांच्या मर्जीवर सोडता येत नाही. रुग्णाचे बोलणे अडखळते, त्याला लवकर थकवा येतो, हेही खरे. पण त्यावर उपाय छोट्या बैठका आणि सावकाश संवाद हा आहे, घरात बसून राहणे नव्हे. पनवेल महानगरपालिका २०१६ मध्ये झाली, त्याच वर्षी दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा संमत झाला. त्यामुळे वाचनालयात, नाट्यगृहात, बागेत उतार आणि कठडे देणे हा उपकार नाही, ते कर्तव्य आहे. पनवेलकरांनी ते हक्काने मागावे.