बचावाचा डाव

सांगलीला बुद्धिबळाचं गाव म्हणतात. भाऊसाहेब पडसलगीकरांचं नूतन बुद्धिबळ मंडळ, तिथल्या स्पर्धा, भाग्यश्री साठे, स्वाती घाटे ही नावं आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत. पण आपले आजे-पणजे ज्या नियमांनी खेळत, तो देशी खेळ मात्र आता पटावरून उठला आहे.

देशी खेळात प्यादं पहिल्या खेळीतही एकच घर सरके. कॅसलिंग नव्हतं, शह बसण्याआधी राजाला एकदा घोड्याची उडी घेता येई. नियम गावागणिक थोडे बदलत, पण डाव सगळीकडे संथच. शत्रू दारात यायला वेळ लागे, म्हणून आधी आपलं घर नीट लावायचं ही सवय खेळाडूंना जडली. घोड्यापुढचं प्यादं एक घर पुढे सारायचं, मोकळ्या झालेल्या घरात उंट बसवायचा, की तटबंदी तयार!

तेव्हाच्या युरोपात उलट कारभार होता. मोहरी बळी देऊन झटपट राजावर धावून जायचं, यातच मर्दुमकी. कलकत्त्यात वकिली करणारा जॉन कॉक्रेन त्याच पठडीतला. 1848 साली त्याने महेशचंद्र बॅनर्जींविरुद्ध चौथ्याच खेळीत दोन प्याद्यांसाठी घोडा देऊन टाकला! त्या आक्रमणाला आजही कॉक्रेनचंच नाव आहे.

आणि महेशचंद्र? 1855 च्या एका डावात त्यांनी आपली देशी मांडणी केली. पटाचा मध्य कॉक्रेनला घेऊ दिला, उंट कोपऱ्याजवळ दबा धरून बसवला, मग त्या मध्यावरच घाव घातला आणि डाव जिंकला. अशा सुरुवातींना पुढे जगाने 'इंडियन डिफेन्स' म्हटलं. आपल्या माणसाचं नाव मागे पडलं, देशाचं तेवढं राहिलं. देशी नियमांवर वाढलेला मीर सुलतान खान पुढे 1929, 1932 आणि 1933 असा तीनदा ब्रिटिश विजेता झाला. त्याचाही खेळ संथ आणि चिवट.

आम्हा सातारा-सांगलीकडच्या लोकांना 'बचाव' शब्दात जरा कमीपणा वाटतो. पण अजिंक्यतारा आठवा. डिसेंबर 1699 मध्ये औरंगजेब स्वतः वेढा घालून बसला. प्रयागजी प्रभूंनी एप्रिल 1700 पर्यंत गड लढवला. सुरुंग उडवले त्यात बादशहाचीच माणसं गाडली गेली. गड अखेर गेला, पण बादशहाचे चार महिने खर्ची पडले. बचाव म्हणजे लपून बसणं नव्हे. समोरच्याची घाई त्याच्याच अंगाशी आणणं.

आजची मुलं मोबाइलवर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळतात. खेळोत बापडी. पण काळी मोहरी घेऊन उंट त्या घरात बसवताना, ही चाल आपल्या संथ खेळातून आली आहे, एवढं कुणीतरी त्यांना सांगायला हवं.

असो. तुमच्या घरी देशी नियम कुणाला आठवत असतील, तर लिहून ठेवा. ती माणसं आता थोडीच उरली आहेत.