सुकी मासळी, माशी आणि मीठ

वैशाख सरत आला म्हणजे कर्जत-खालापूरच्या बाजारांत आगोटीची धांदल उडते. समुद्र दूर, लावणीचे दिवस जवळ. म्हणून सुके बोंबील, जवळा, खारे मासे यांची पावसाळ्याची बेगमी होते. मग आषाढात एखाद्या घरी डबा उघडावा तो आत अळ्या! बोल लागतो घरच्या बाईला. हा आरोप कितपत खरा, हे आज आपण इतिहासाला विचारू.

अळ्या आपोआप उपजतात, असेच जग फार काळ मानीत होते. आपल्याकडे ‘स्वेदज’ हा जीवांचा एक वर्गच कल्पिला होता; ॲरिस्टॉटलचेही मत निराळे नव्हते. १६६८ साली इटलीतील फ्रान्चेस्को रेदी याने मांस व मासे भांड्यांत घालून काही भांडी उघडी ठेवली, काही झाकली. झाकलेल्यांत अळी पडली नाही. तेव्हा अळी ही माशीचीच संतती, हे सिद्ध झाले.

चीज, खारे मांस आणि सुकी मासळी यांवर जगणारी एक माशी अवघी चार-पाच मिलिमीटर लांबीची असते. लिनियसने १७५८ साली तिची नोंद केली. तिची अळी तोंडाने शेपूट पकडून एकदम सोडते आणि टुणकन उडी घेते! किनाऱ्यावर मासळी ओली असताना मात्र मोठ्या निळ्या-हिरव्या माश्या अधिक नासधूस करतात.

अळीला ओल हवी. ऊन व मीठ ती ओल काढून घेतात. बोंबील नुसत्या उन्हावाऱ्यावर वाळतो. जाड मासळीला मीठच लागते. पेण, पनवेल, उरणची मिठागरे आपल्या शेजारीच. परंतु मिठावर सरकारी कर होता. १८७३ च्या आपल्या अहवालात फ्रान्सिस डे यांनी दाखविले, की या करामुळे कोळी मीठ कमी घालतात व मासळी नासते. पुढे मद्रास इलाख्यात खास आवारांत मासळीपुरते करमुक्त मीठ देण्यात आले. कर १८८८ साली मणामागे अडीच रुपये होता. १९०७ मध्ये तो रुपयावर आला, १९२३ मध्ये पुन्हा अडीच रुपये झाला आणि १९४७ साली उठला.

म्हणजे डब्यातल्या अळीचा इतिहास सरकारी दप्तरापर्यंत पोहोचतो. झाकण घट्ट हवे, हा रेदीचा धडा खराच. पण मासळी मुळातच अर्धवट सुकलेली आली, तर झाकण काय करणार? म्हणून आगोटीची मासळी कडकडीत ऊन दाखवूनच भरावी, आणि बोल लावायचाच तर घरच्या माउलीला सर्वांत शेवटी लावावा.