गिअर पडतोय का? पद्मिनीच्या दांड्यापासून आमच्या ८०० च्या बुशपर्यंत

हा आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा मजकूर. बोलताना जे 'हं', 'म्हणजे' आलं ते थोडं छाटलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे गाडीचा गिअर, आणि त्यातही ढिला झालेला गिअर. लिव्हर हातात नुसतं चमच्यासारखं फिरतं, दुसरा टाकायला जावं तर चौथा पडतो, रिव्हर्स शोधायला अर्धा मिनिट लागतो. घरात दहा-पंधरा वर्षं जुनी गाडी असेल तर हे तुम्हाला माहिती आहे. पण हा रोग जुना आहे, आणि आपल्याकडे तो एका अख्ख्या पिढीने सोसलाय. त्याचं कारण अर्धं यंत्रात आहे आणि अर्धं इतिहासात.

सुरुवात वालचंद हिराचंद यांच्यापासून करू. जन्म सोलापूरचा, १८८२ चा. जहाजं, विमानं आणि मोटारी हे तिन्ही उद्योग भारतात उभे करायचे हा त्यांचा ध्यास होता. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. आधी क्रायस्लरच्या गाड्यांची जुळणी, मग पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाटशी करार. फियाट ११०० आली आणि तिचीच पुढची आवृत्ती ११००डी १९६४ पासून इथे बनू लागली. सत्तरच्या दशकात तिचं नाव आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग प्रीमियर पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटल्यावर जी डोळ्यांसमोर येते, तीच ही.

या गाडीचा गिअर खाली जमिनीवर नव्हता. स्टिअरिंगच्या खांबाला डाव्या बाजूला एक दांडा होता. ही मूळची अमेरिकन फॅशन. १९३८-३९ च्या सुमारास तिकडच्या कंपन्यांनी गिअरचा दांडा जमिनीवरून उचलून स्टिअरिंगवर नेला, कारण मग पुढची सीट सोफ्यासारखी सलग करता येते आणि तिथे तिघं बसतात. युरोपने ती उचलली आणि फियाटबरोबर ती आपल्याकडे आली. अँबेसेडरमध्येही वर्षानुवर्षं तेच होतं. तिघं बसण्याची सोय भारताला किती मानवली हे सांगायला नको. आपण तिथे चौथाही बसवला.

आता यंत्राकडे या. पद्मिनीचा गिअरबॉक्स इंजिनच्या मागे, गाडीच्या पोटात. हात मात्र वर, स्टिअरिंगपाशी. दांड्याला दोन हालचाली असतात: स्वतःकडे ओढणं किंवा पुढे ढकलणं म्हणजे गिअरची जोडी निवडणं, आणि वर-खाली करणं म्हणजे त्या जोडीतला एक गिअर टाकणं. या दोन्ही हालचाली खांबालगत खाली उतरतात, तिथून छोट्या लिव्हर आणि सळ्यांमधून गिअरबॉक्सपर्यंत पोचतात. प्रत्येक सांध्यात पिन आहे, बुश आहे. प्रत्येक सांधा झिजतो.

कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच कळेल. एका फंक्शनमधली छोटी चूक पुढच्याला जाते, तिथून त्याच्या पुढच्याला. समजा पाच सांधे आहेत आणि प्रत्येकात अर्धा मिलिमीटर ढिलाई आहे. झाली अडीच मिलिमीटर. वरचा दांडा लांब, त्यामुळे हाताशी ती, समजा, चौपट होते. म्हणजे मुठीत एक सेंटिमीटर नुसती हवा! एकही सांधा तुटलेला नाही, तरी गिअर सापडत नाही. मधेच सळ्या एकमेकींत अडकल्या की ड्रायव्हर भर सिग्नलला खाली उतरायचा, बॉनेट उघडायचा, हाताने लिव्हर जागेवर आणायचा आणि मागच्या बसचा हॉर्न ऐकत परत बसायचा.

मग एवढी वर्षं हे कुणी सुधारलं का नाही? इटलीत फियाटने ११००डी १९६६ मध्येच थांबवली. आपल्याकडे तीच गाडी थोड्याफार बदलांनी जवळजवळ २००० सालापर्यंत बनत राहिली. १९५३ मध्ये सरकारने ठरवलं की ज्यांना इथे सुटे भाग बनवायचे आहेत त्यांनीच मोटारधंद्यात राहावं. जनरल मोटर्स १९५४ मध्ये गाशा गुंडाळून गेली. त्या धोरणाने सुटे भाग बनवायची विद्या देशात आली, हे खरंच मोठं काम झालं. पण उत्पादनावर परवान्याची मर्यादा, दारात ग्राहकांची रांग. जो माणूस गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबलाय तो गिअर ढिला आहे म्हणून परत जाणार का? पद्मिनीवर हळवं होऊन लिहिणाऱ्यांनी टॅक्सीवाल्याचा डावा खांदाही मोजावा, असं मला वाटतं. कुर्ल्यात जी सुधारणा झाली नाही, तिची किंमत तो दिवसाला शेकडो वेळा भरत होता.

१४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० ची पहिली चावी दिली गेली आणि चित्र पालटलं. गिअर जमिनीवर आला. प्रीमियरनेही १९८५ मध्ये ११८एनई काढली, तिचाही गिअर जमिनीवर. पण गंमत बघा. मारुतीत इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढे, आडवे. म्हणजे हात मध्ये आणि गिअरबॉक्स पुढे. परत सळी आली, परत बुश आले. अंतर बदललं, रोग तोच राहिला. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत सळीऐवजी केबल आल्या, तरी त्यांच्या टोकाला प्लॅस्टिकचे बुश असतातच.

आमच्या घरी बाबांची ८०० आहे. तिचं लिव्हर असंच ढिलं झालं. एका गॅरेजने ऐकताक्षणी गिअरबॉक्स उतरवायला सांगितला आणि जो आकडा सांगितला त्यात गाडी विकून टाकावी असं घरात ठरत आलं होतं. त्यात पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालेली. बाबा काही बोलत नव्हते, पण रोज सकाळी गाडी पुसत होते. शेवटी वाळूजला कंपनीजवळच्या एका मेकॅनिककाकांकडे नेली. त्यांनी लिव्हर दोनदा हलवलं आणि म्हणाले, "गिअरबॉक्सला काय बी झालं नाही दादा. बुश गेलाय."

त्यांची पद्धत सांगतो, कारण ती कुठल्याही जुन्या गाडीला लागू आहे. इंजिन बंद, सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. गाडी उचलायची तर खाली स्टँड हवेच, नुसत्या जॅकवर कधीच नाही. गिअर टाकून ठेवायचा. एकाने वर लिव्हर हळू हलवायचं, दुसऱ्याने खाली बॅटरीच्या उजेडात एकेक सांधा बघायचा. ज्या सांध्याची अलीकडची बाजू हलते आणि पलीकडची थांबून राहते, तो गेलेला. बुश काढल्यावर पिन बघायची. पिनच झिजून अंडाकृती झाली असेल तर नवा बुश चार महिन्यांत जाणार. रबरी बुशला साधं ग्रीस लावायचं नाही, ते फुगतं. सिलिकॉन ग्रीस घ्यायचं. आणि लिव्हर ढिलं नसून गिअर जड पडत असेल, तर आधी क्लच बघायचा.

आम्हाला हवा तो बुश दुकानात मिळाला नाही. काकांनी जुना बुश आणि पिन दिली आणि गल्लीतल्या लेथवाल्याकडे पाठवलं. त्याने नायलॉनच्या दांड्यातून तो वीस मिनिटांत कातून दिला, व्हर्निअरने दोनदा मोजून. हे वाळूजमध्ये इतकं सहज का होतं, तर १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना इथे आला आणि त्याच्यामागे सुटे भाग बनवणारे आले. एन्ड्युरन्स, व्हॅरॉक ही आजची मोठी नावं याच परिसरात वाढली. त्यांच्या सावलीत शेकडो छोटी शेड उभी राहिली. स्थानिक सुट्या भागांचा जो आग्रह कुर्ल्याच्या काळात सुरू झाला, त्याचं एक टोक असं एमआयडीसीच्या गल्लीत सापडतं.

मुंबईत २०१३ पासून टॅक्सीचं वय वीस वर्षांवर आणलं गेलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली होती. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती प्रकारची टॅक्सी अधिकृतपणे रस्त्यावर राहिली नाही. खासगी पद्मिनी अजून काही जणांकडे आहेत, आणि त्यांना बुश लागतातच.

पुढच्या भागात स्कूटर आणि रिक्षाचा मुठीतला गिअर घेऊ. तुमच्या घरी जुनी चेतक असेल तर तिच्या गिअर केबलचा फोटो काढून ठेवा, लागेल.