जोडी जुन्या-नव्याची

बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या नांदूरघाटच्या परिसरात, 'कोयता' म्हणजे नुसते हत्यार नव्हे. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यालाही 'एक कोयता' म्हणतात. एकाने ऊस तोडायचा, दुसऱ्याने मोळ्या बांधायच्या. तोडणारा कितीही चपळ असो, मोळ्या मागे पडल्या की गाडी भरायची थांबते. संगणकातल्या जोड्यांचा इतिहासही याच हिशेबाने समजतो.

१९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. अमेरिकी महासंगणक मिळवण्यात निर्बंध आड येत होते. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्यात ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. शेजाऱ्यांशी निरोपांची देवघेव करण्यासाठी प्रत्येकाला चार दुवे होते. पुढे आकडेमोडीची भूक वाढली, तेव्हा 'परम ८६००' मध्ये इंटेलचा अधिक ताकदवान आय-८६० प्रोसेसर आणला गेला. जुने ट्रान्सप्युटर मात्र टाकून दिले नाहीत. जड गणित नव्याकडे आणि देवघेव जुन्याकडे, अशी वाटणी झाली.

हाच प्रश्न पुढे घरच्या संगणकात आला. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए बाजारात आला. त्याचा ठरलेला वेग ३०० मेगाहर्ट्‌झ. पण बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झ केला, की यांतले बरेच प्रोसेसर ४५० वर चालत. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. १९९९ मध्ये एनव्हिडियाचे जीफोर्स २५६ हे ग्राफिक्स कार्ड आले. तेव्हापासून जुना प्रोसेसर ताणून त्याला नवे कार्ड जोडण्याचा मोह अनेकांना होत आला आहे.

आपण हिशेब करू. एका चित्रचौकटीची तयारी करायला प्रोसेसरला २० मिलिसेकंद आणि ती रंगवायला जुन्या कार्डाला ४० मिलिसेकंद लागतात असे धरू. दोघे एकाच वेळी राबतात, म्हणून संथ असेल त्याचा वेग खरा : सेकंदाला २५ चौकटी. नवे कार्ड १० मिलिसेकंदांत काम उरकते. पण चौकटी १०० होत नाहीत, ५० च होतात. आता कार्ड वाट पाहते. प्रोसेसर सव्वापट पळवला तर १६ मिलिसेकंद, म्हणजे सुमारे ६२ चौकटी.

हा लाभ फुकटचा नाही. चिपमध्ये खर्च होणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट केला आणि व्होल्टेज दहा टक्के वाढवले, तर १.५ × १.२१, म्हणजे सुमारे १.८ पट उष्णता. पंखा अपुरा पडला की संगणक अडखळतो, बंद पडतो.

शाळेच्या जुन्या संगणकावर पैसे खर्चण्यापूर्वी म्हणूनच एक सोपी परीक्षा घ्यावी. चित्राची सूक्ष्मता कमी करून पाहावी. चौकटी वाढल्या तर अडचण कार्डाची. जवळपास तेवढ्याच राहिल्या तर बहुधा प्रोसेसरची. कोण कोणाची वाट पाहतो आहे, हे आधी मोजावे. खरेदीचे मग ठरवावे.