रुखवतातला रुमाल आणि अमेरिकन अफगाण

रास तनुरातल्या अमेरिकन शेजारणींच्या सोफ्यावर रंगीत चौकोनांचे पांघरूण दिसे. त्याला त्या 'अफगाण' म्हणत. त्याचा अफगाणिस्तानाशी संबंध केवळ नावापुरता. तिकडच्या शालींवरून १९ व्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला आणि अमेरिकेत लोकरीच्या पांघरुणाला चिकटला. उरलेल्या लोकरीचे चौकोन विणून जोडायची कृती 'प्रेरी फार्मर' या अमेरिकन नियतकालिकात १८८५ साली छापून आली. जुन्या लुगड्यांना धावदोरा घालून गोधडी शिवणाऱ्या आपल्या आज्यांना त्यात नवल वाटले नसते!

क्रोशा मात्र आपल्याकडे बाहेरून आला. शब्द फ्रेंच, अर्थ लहान आकडा. १८४५ नंतरच्या दुष्काळात आयर्लंडमधल्या कितीतरी घरांत क्रोशाच्या लेसवर चूल पेटली. त्याच शतकात आंध्रातल्या नरसापूर भागात मिशनऱ्यांनी तो बायकांना शिकवला. तिथे आजही त्यावर घरे चालतात. आपल्याकडे मात्र तो शिरला रुखवतात. तोरण, ताटावरचा रुमाल, पुढे रेडिओ आणि टीव्हीवरचा. सगळे पांढऱ्या सुताचे, कारण उकाड्यात लोकर कोण वापरणार?

इथे मात्र हिवाळ्यात समुद्रावरून गार वारा येतो आणि उन्हाळाभर एसी. शिवाय तेव्हा अरामकोच्या शाळा नववीपर्यंतच असत. पुढे मुले परदेशी वसतिगृहात नाहीतर भारतात जात. माझी लेक निघाली तेव्हा आईच्या रुमालाचे फूल घालून तिला अफगाण द्यायचे ठरवले.

पहिला चौकोन पार फसला. झालरीसारखा फुगला आणि आकाराने एवढासा! दोष माझ्या इंग्रजी पद्धतीचा. ब्रिटिश पुस्तकातला 'डबल क्रोशे' म्हणजे आपला मुका खांब. अमेरिकन 'डबल क्रोशे' म्हणजे आपला पूर्ण खांब. आपण शिकलो साहेबाच्या पुस्तकांवरून, कृती होती अमेरिकेची. मैत्रिणींनो, कृती कुठल्या देशाची ते आधी पाहा. त्यात 'सिंगल क्रोशे' दिसले तर ती अमेरिकन समजा, ब्रिटिश कृतीत तो शब्दच नसतो.

आईच्या फुलाची कृती कुठे लिहिलेली नव्हतीच. भिंग घेऊन रुमालावरचे खांब मोजले. सुतात १० सें.मी. असलेला चौकोन लोकरीत, ५ मि.मी. च्या सुईने, २० सें.मी. चा झाला. म्हणजे १२० बाय १६० च्या पांघरुणाला ४८ चौकोन. एक चौकोन विणून मोजल्याखेरीज लोकर आणू नये. मी आणली, आणि निळी कमी पडली. पुन्हा मिळाली ती वेगळ्या छटेची.

शेवटचे सहा चौकोन म्हणून जरा फिके आहेत. लेक सांगते, पायाकडची बाजू अंधारातही कळते, कारण ते चौकोन मी घाईत सैल विणले. आईचा रुमाल माझ्याकडे आहे. खांबांची मोजणी या वेळी वहीत उतरवून ठेवली आहे. हवी असल्यास पुढच्या बैठकीत झेरॉक्स आणीन.